कोर कमी, बस अरुंद, तरी कार्ड वेगवान कसं?

प्रश्न थोडक्यात असा. जळगावचा एक विद्यार्थी, ॲनिमेशनचं शेवटचं वर्ष. संगणकात रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, मॉनिटर १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर, मोकळ्या वेळात गेम. दुकानात जवळपास सारख्याच किमतीला तीन नवी ग्राफिक्स कार्डं मिळताहेत: एनव्हिडियाची जीफोर्स आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी), आणि एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७६०० (८ जीबी). त्याने तिघांचा तक्ता केला आणि गोंधळला. "४०६० मध्ये कोर कमी, मेमरी कमी, बस अरुंद, बँडविड्थ कमी. तरी सगळे म्हणतात तेच वेगवान. टेराफ्लॉप पाहिले तर ७६०० दोघांच्याही पुढे. यातला खरा आकडा कुठला?"

तक्ता तुम्ही मेहनतीने केला आहे आणि त्यातले सगळे आकडे खरे आहेत. फसगत होते ती दोन वेगळ्या घराण्यांतल्या कार्डांचे आकडे शेजारी शेजारी मांडून वजाबाकी केल्यावर. एकाच आर्किटेक्चरच्या, म्हणजे चिपच्या एकाच मूळ रचनेच्या, दोन कार्डांत कोर (हिशोब करणारे छोटे भाग) आणि क्लॉक (त्यांचा वेग) पाहिले तर उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. घराणं बदललं की त्याच शब्दामागचा अर्थ बदलतो. मेमरी किती जीबी, हा एवढा एकच आकडा कुठल्याही घराण्यात तोच अर्थ घेऊन येतो, आणि तुमच्या कामात निर्णय त्याच्यावरच ठरणार आहे. मी बरीच वर्षं आर्किटेक्टांसाठी आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांसाठी रेंडरिंगची, म्हणजे थ्रीडी सीनमधून अंतिम चित्र काढण्याची, मशीन बांधतो. त्या कामात जे पाहिलं त्यावरून सांगतो.

आधी कोर. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय घ्या: ४,३५२ कोर. २०२० चं आरटीएक्स ३०७०: ५,८८८ कोर. कागदावर पहिलं साधारण १३.४ टेराफ्लॉपचं (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशोब) आणि दुसरं २०.३ चं, म्हणजे दीडपट. गेममध्ये मात्र दोघं जवळपास बरोबरीत निघाली. कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. २०८० टीआयच्या जुन्या ट्युरिंग घराण्यात दशांशाचे हिशोब करणारे आणि पूर्णांकाचे हिशोब करणारे भाग वेगळे होते आणि 'कोर' म्हणून फक्त पहिले मोजले जात. ३०७० च्या अँपिअर घराण्यात पूर्णांकवाल्या बाजूलाही दशांशाचं काम करता येऊ लागलं, म्हणून दोन्ही बाजू कोर म्हणून मोजल्या गेल्या. पण गेममध्ये पूर्णांकाचं काम संपलेलं नसतंच. एनव्हिडियाने ट्युरिंगच्या वेळी स्वतःच सांगितलं होतं की साधारण १०० दशांश सूचनांमागे ३६ पूर्णांक सूचना येतात. त्या आल्या की ती दुसरी बाजू त्यांच्यात गुंतते आणि कागदावरचे टेराफ्लॉप प्रत्यक्षात उतरत नाहीत.

७६०० च्या बाबतीत हीच गोष्ट आणखी ठळक होते. तुमच्या तक्त्यात त्याला २१ च्या वर टेराफ्लॉप आहेत. त्याच्या आधीच्या पिढीतलं आरएक्स ६६५० एक्सटी पाहा. त्यातही २,०४८ स्ट्रीम प्रोसेसर, क्लॉकही जवळपास तेवढाच, आणि टेराफ्लॉप १०.८. आकडा दुप्पट झाला तो ७६०० च्या आरडीएनए ३ घराण्यात एका फेरीत दोन सूचना जोडीने सोडायची सोय आली म्हणून. जोडी जमली तर दुप्पट काम. ती जमवण्याची जबाबदारी कंपायलरवर (कोडचं चिपच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) असते आणि गेमच्या कोडमध्ये ती क्वचितच पुरेशी जमते. म्हणून टेराफ्लॉप दुप्पट होऊनही गेममध्ये ७६०० त्या जुन्या कार्डाच्या थोडंसंच पुढे जातं. एएमडीचा आकडा खोटा नाही, तो कमाल मर्यादेचा आहे. तो एनव्हिडियाच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका, एवढंच.

आता तुमची मुख्य जोडी. ३०६० मध्ये ३,५८४ कोर, बूस्ट क्लॉक १.७८ गिगाहर्ट्झ. ४०६० मध्ये ३,०७२ कोर, पण क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झ. पहिली चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने बनते, दुसरी टीएसएमसीच्या बऱ्याच पुढच्या पद्धतीने. एवढा क्लॉक वाढला आणि वीजही कमी लागली, ती यामुळे. अँपिअर (३०६० चं) आणि एडा (४०६० चं) या दोन घराण्यांत कोर मोजायची रीत सारखी आहे, त्यामुळे इथे गुणाकार करायला हरकत नाही. कोर गुणिले क्लॉक गुणिले २ केलं की पहिल्याचे १२.७ टेराफ्लॉप येतात आणि दुसऱ्याचे १५.१. फरक १९ टक्के. १०८०पी गेममध्ये ४०६० साधारण तेवढंच, १५ ते २५ टक्के पुढे असतं. हिशोब जुळला.

पण या जुळण्यावर फार विसंबू नका. याच दोन घराण्यांतली वरची जोडी घेतली की तोच हिशोब फसतो. ३०६० टीआयचे १६.२ टेराफ्लॉप, ४०६० टीआयचे २२. कागदावर ३६ टक्के वाढ. गेममध्ये १०८०पीला वाढ दिसते ती १० टक्क्यांच्या आसपास, आणि ४के वर तर जुनं कार्ड काही ठिकाणी बरोबरीला येतं. असं का होतं ते समजलं की तुमच्या तक्त्यातला बस आणि बँडविड्थचा रकाना समजतो.

बस म्हणजे चिप आणि कार्डावरची मेमरी यांच्यातला रस्ता, आणि बँडविड्थ म्हणजे त्यावरून सेकंदाला जाणारा माल. बँडविड्थ काढणं सोपं आहे. बसची रुंदी बिटमध्ये, गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. ३०६०: १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६०: १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२. नव्या कार्डाचा रस्ता जुन्यापेक्षा पाव हिश्शाने अरुंद आहे. ती उणीव भरून काढते चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी, म्हणजे एल२ कॅश. ३०६० मध्ये ती ३ एमबी, ४०६० मध्ये २४ एमबी. तक्ते करताना बहुतेक लोक हा रकाना लिहीतच नाहीत, तुम्हीही लिहिलेला नाही.

ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि आतली कोठीची खोली, असं समजा. डबा मोठा असला की कोठीत खेपा कमी होतात. मग कोठीचं दार अरुंद असलं तरी स्वयंपाक अडत नाही. चार माणसांचा स्वयंपाक डब्यातल्या जिनसांवर भागतो. पंगत पन्नासची झाली की डबा पुरत नाही, प्रत्येक गोष्टीला कोठीत जावं लागतं आणि तेव्हा दाराची रुंदी जाणवते. १०८०पी म्हणजे २० लाख ७४ हजार पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार. ४के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. पंगत वाढते तशी कॅशची मदत कमी पडत जाते. ४०६० टीआयमध्ये नेमकं हेच झालं: बँडविड्थ ४४८ वरून २८८ वर आली, कॅश ३२ एमबी झाली, आणि तरी एवढ्या कोरना ती पुरेशी खाऊ घालू शकली नाही. साध्या ४०६० मध्ये कोर कमी असल्याने १०८०पीला हे झाकलं जातं. तुमचा मॉनिटर १०८०पी आहे, म्हणजे गेमच्या बाबतीत हा मुद्दा तुमच्या बाजूने आहे.

आता मेमरी. कोर, क्लॉक, बँडविड्थ हे सगळे उताराचे आकडे आहेत. कमी पडले तर काम सावकाश होतं, पण होतं. मेमरी किती जीबी, हा भिंतीचा आकडा आहे. भिंतीच्या अलीकडे तो काहीच फरक पाडत नाही. ६ जीबीचा सीन १२ जीबीच्या कार्डावर एका सेकंदानेही लवकर रेंडर होणार नाही. भिंतीपलीकडे गेलात की बाकीचे सगळे आकडे निरर्थक होतात.

तुमच्या कामाचा हिशोब मांडू. ४के चं एक टेक्श्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) म्हणजे ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेल. आठ बिटचे चार चॅनेल धरले तर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. एका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार नकाशे जोडले की २५६ एमबी. अशी वीस मटेरियल म्हणजे ५ जीबी. डिस्कवर ही जेपीजी फाईल ३-४ एमबीची दिसते म्हणून मुलं गाफील राहतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये रेंडर करताना ती उलगडून पूर्ण आकारात कार्डाच्या मेमरीत बसते. गेममध्ये असं होत नाही. तिथे टेक्श्चर दाबलेल्या स्वरूपातच कार्डावर राहतं, तेच ४के टेक्श्चर तिथे साधारण १६ एमबीत मावतं. गेम खेळणारे '८ जीबी अजून चालतंय' म्हणतात ते त्यांच्यापुरतं बरोबर असू शकतं. तेच वाक्य ब्लेंडरवाल्याने उचलू नये. टेक्श्चरनंतर भूमिती येते, केस आणि गवत येतं, धुराचे व्हॉल्यूम येतात, चित्रातले ठिपके पुसणारा डीनॉइझरही थोडी जागा घेतो. विंडोज आणि उघडा ब्राउझर मिळून काही शे एमबी आधीच घेऊन बसलेले असतात. ८ जीबीच्या कार्डावर तुमच्या हातात प्रत्यक्षात ७ जीबी येतात असं धरून चाला.

भिंत ओलांडली की काय होतं? सायकल्स उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवून काम पुढे रेटायचा प्रयत्न करतं. आता तुमच्या मदरबोर्डाकडे या. बी४५० वर कार्ड आणि संगणक जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाची ३.० आवृत्ती मिळते. ३०६० सोळा लेन वापरतं, म्हणजे कार्ड आणि रॅममध्ये सेकंदाला साधारण १६ जीबीचा रस्ता. ४०६० ला मुळात आठच लेन आहेत. नव्या बोर्डावर त्या ४.० च्या वेगाने चालतात आणि काही बिघडत नाही. तुमच्या बोर्डावर त्या ३.० च्या वेगाने चालतील आणि रस्ता ८ जीबीचा उरेल. कार्डाच्या स्वतःच्या २७२ समोर ८. सगळं मेमरीत मावत असेल तर गेममध्ये हा फरक क्वचित जाणवेल. मावलं नाही, तर ज्या कार्डाची भिंत आधी लागते त्याचाच बाहेरचा रस्ताही अरुंद आहे. शिवाय तुमची रॅम १६ जीबीच आहे आणि त्यात ब्लेंडर स्वतः सीनची प्रत घेऊन बसलेलं असतं. माझ्याकडे आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीचा बंगल्याचा सीन आला होता, बागेत झाडं भरपूर. ८ जीबीच्या कार्डावर फ्रेम रेंगाळत राहायची आणि मधेच रेंडर मेमरीच्या चुकीने बंद पडायचं. तिने टेक्श्चर २के वर आणून सबमिशन वेळेत केलं. वेगवान कार्ड असूनही तिला ती रात्र टेक्श्चर लहान करण्यात घालवावी लागली.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. सीन मावत असेल तर ब्लेंडरमध्ये ४०६० ची आघाडी गेमपेक्षा जास्त असते. सायकल्समधल्या ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या पर्यायावर रेंडर करताना किरणांच्या छेदाचं गणित करणारे वेगळे भाग कामाला लागतात आणि एडामधले ते भाग एक पिढी पुढचे आहेत. ७६०० चा विचार मात्र तुम्ही सोडून द्या. गेमसाठी ते चांगलं कार्ड आहे, पण सायकल्समध्ये ते ३०६० च्याही बरंच मागे राहतं. कुणी इंटेलचं आर्क बी५८० सुचवेल, १२ जीबी मेमरी आणि ४५६ जीबीची बँडविड्थ दाखवून. नव्या प्रोसेसरसोबत ते मीही सुचवतो. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि ३६०० सारख्या प्रोसेसरवर गेममध्ये ते बरंच मागे पडतं. तुमच्या मशीनसाठी नको.

यूट्यूबवरची चाचणी पाहताना सगळ्यात आधी त्यांचा प्रोसेसर पाहा. कार्डांमधला फरक स्पष्ट दिसावा म्हणून ते बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, आणि चाचणी म्हणून ते योग्यच आहे. तुमच्याकडे ३६०० आहे. काही गेममध्ये तोच आधी दमेल आणि दोन्ही कार्डं सारखेच फ्रेम देतील. त्यातून मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवणारा. एक कार्ड ९० फ्रेम देतं आणि दुसरं १०८, तर कागदावर २० टक्के फरक झाला. तुमच्या पडद्यावर दोन्ही ७५. सरासरीपेक्षा 'एक टक्का लो' हा आकडा जास्त बोलका असतो. सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा तो वेग आहे. हाताला जाणवणारे झटके तिथे दिसतात, आणि मेमरी कमी पडू लागली की सरासरी ठीक असतानाही तो आधी कोसळतो. कधी तोही कोसळत नाही. काही गेम मेमरी संपत आली की गुपचूप धूसर टेक्श्चर लावतात. आलेख सुंदर राहतो आणि पडद्यावरची भिंत मात्र चिखल लावल्यासारखी दिसते. म्हणून आकड्यांसोबत चित्रही पाहणारा परीक्षक निवडा.

कंपन्यांच्या आलेखांबद्दल माझं मत कडक आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे '४०९० ची कामगिरी' देतं असं मंचावरून सांगितलं. ४०९० मध्ये १६,३८४ कोर आणि २४ जीबी मेमरी, ५०७० मध्ये ६,१४४ कोर आणि १२ जीबी. ती बरोबरी होती मल्टी फ्रेम जनरेशन धरून, म्हणजे खऱ्या प्रत्येक फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने बनवून मधे घातलेल्या. हालचाल त्याने गुळगुळीत दिसते आणि ते तंत्र उपयोगाचंही आहे. पण माउस हलवल्यावर प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो. ब्लेंडरच्या रेंडरमध्ये तर त्याचा काडीचा संबंध नाही. आलेखाखालच्या बारीक अक्षरात फ्रेम जनरेशन चालू असल्याचं लिहिलं असेल तर तो आलेख तुलनेसाठी वापरू नका.

पैसे देण्याआधीची एक गोष्ट. एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात आणि नाव पाहून घेणारा फसतो. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीने आलं, बँडविड्थ ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं, बँडविड्थ १६.८. खोक्यावर नाव तेच. तुमच्या ३०६० चीही अशी जोडी आहे. २०२२ च्या शेवटी ३०६० ची ८ जीबी आवृत्ती आली. कोर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४०. त्यात १२ जीबीचा फायदा नाही आणि गेममध्येही ती बरीच मागे पडते. दुकानदार नुसतं '३०६०' म्हणाला तर बिलावर १२ जीबी लिहून घ्या. लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर नावावर विसंबूच नये. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोर आणि ८ जीबी असतात, डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ आणि १२.

वीज आणि उष्णता, दोन्ही जळगावात महत्त्वाच्या. ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. रोज सहा तास रेंडर केलं तर ५५ वॅटच्या फरकाने महिन्याला १० युनिट जास्त जळतील. युनिटला १० रुपये धरले तरी १०० रुपये. त्यावरून कार्ड बदलू नका. उष्णतेचं वेगळं आहे. परीक्षक एसीच्या खोलीत मोजतात आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी कार्डही तापतं. १७० वॅटचं कार्ड घ्याल तर दोन पंख्यांचं घ्या, कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे पंखे लावा आणि ते काचेच्या बंद कपाटात ठेवू नका. पॉवर सप्लाय कुठला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा आणि आठ पिनची पीसीआय केबल असलेला असेल तर दोन्ही कार्डांना पुरेल. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर आधी तो बदला.

निवड अशी करा. आतापर्यंतचा तुमचा सर्वांत जड सीन उघडा, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा असेल तर उत्तम. सायकल्सवर एक फ्रेम रेंडर करा आणि रेंडरच्या खिडकीत वर येणारा मेमरीचा 'पीक' आकडा लिहून ठेवा. आत्ताच्या कार्डावर ते जमत नसेल तर सीपीयूवर करा, अंदाजाला पुरतो. तो ५ जीबीच्या आत असेल आणि तुमचं काम पात्रं, छोटे सेट, उत्पादनांची चित्रं असंच राहणार असेल तर ४०६० घ्या. प्रत्येक फ्रेममागे वेळ वाचेल आणि ते थंड चालेल. आकडा ६ च्या वर असेल किंवा तुम्हाला बाहेरची दृश्यं, झाडी, धूर यांत जायचं असेल तर १२ जीबीचं ३०६० घ्या. तुम्ही पाठवलेल्या चित्रात पावसाळी घाट आहे, दरीत धुकं आहे, उतारावर गवत आहे. ते पाहून मी तुमच्यासाठी ३०६० म्हणेन. चार महिने थांबून आणखी पैसे जमणार असतील तर आरटीएक्स ५०६० टीआयची १६ जीबी आवृत्ती पाहा. तिची बँडविड्थ ४४८ आहे आणि मेमरीची भिंत बरीच लांब. तिची ८ जीबीची जुळी बहीणही त्याच नावाने विकली जाते, तेव्हा तिथेही बिलावर जीबी लिहून घ्या.

कार्ड घरी आलं की त्याच दिवशी जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ३०६० घेतलं असेल तर मेमरी १२,२८८ एमबी, बस १९२ बिट, शेडर (म्हणजे कोर) ३,५८४ हे तीन आकडे जुळतात का पाहा. मग तोच जड सीन अर्धा तास रेंडरला लावून तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा. काही चुकलं तर परत करायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.